बिकानेर : टोमण्यावरून शहर वसतं का?

वाळूत_पाय :
नमस्कार मंडळी. डिसेंबरात बिकानेरला तीन दिवस जाऊन आलो. फोटो सवडीने टाकतो (म्हणजे टाकणार नाही, तुम्ही मला ओळखता). पण एक किडा डोक्यात वळवळतोय म्हणून हा धागा.

तिथं जुन्या शहरात चौकाचौकात लाकडाचे पाटे मांडलेले असतात. पाटा म्हणजे आपला जेवायचा पाट नव्हे, दहा-बारा माणसं आरामात मांडी घालून बसतील असं दणकट प्रकरण, कोरीव पायांचं वगैरे. रात्री जेवणं झाली की अख्खा मोहल्ला त्यावर. पत्ते, राजकारण, कुणाच्या मुलीचं कुठं जमतंय, सगळं तिथंच. आम्ही आपले बघत उभे होतो तर एका आजोबांनी सरकून जागा करून दिली आणि शहर कसं वसलं ते सांगायला लागले.

तर गोष्ट अशी. जोधपूर वसवणारा राव जोधा दरबारात बसलाय. त्याचा मुलगा बिका उशिरा आला आणि काका कांधल यांच्या शेजारी बसून कानात कुजबुजायला लागला. जोधा हसत म्हणाला, काय काका-पुतण्याचं गुपित चाललंय, नवीन मुलूख बिलूख जिंकायचा बेत आहे की काय? झालं. कांधलला ते लागलं. म्हणाला जिंकूनच दाखवतो. आणि निघाले की हो दोघं, १०० घोडेस्वार आणि ५०० पायदळ घेऊन, उत्तरेला, वाळवंटात.

गोष्ट मस्तच आहे, पण परत येताना ट्रेनमध्ये आमची ही म्हणाली, "सगळं खरं, पण पाणी कुठनं प्यायचे?" आणि मला उत्तर देता येईना. नदी नाही. समुद्र नाही. डोंगर नाही. पाऊस वर्षाला जेमतेम २५-२६ सेंटीमीटर, आपण ज्या माण-खटावला दुष्काळी म्हणतो तिथं साधारण याच्या दुप्पट पडतो. बापाने टोमणा मारला हे निघायचं कारण असेल, पण थांबायचं कारण काय? नेमकं तिथंच का?

सुपारीफोड्या :
आमच्याही बापाने टोमणा मारलेला. मी शिवाजीनगर स्टेशनपर्यंत पोचलो आणि वडापाव खाऊन परत आलो.

शंकासूर :
धागा आवडला पण गोष्ट पटत नाही. म्हणजे टोमणा मारला असेल, बाप मुलाला मारतोच, पण सगळं त्याच्यावर ढकलायचं हे ख्याती लिहिणाऱ्यांचं काम. ख्याती म्हणजे त्यांच्या बखरीच समजा. राजाच्या पदरचे लोक लिहिणार, मग गोष्ट रंगतदार तर होणारच.

जरा तारखा लावून बघा. बिका जोधपुराहून निघाला १४६५ मध्ये. बिकानेर शहराची स्थापना १४८८. मधली २३ वर्षं काय करत होता? रागाच्या भरात निघालेला माणूस एवढे दिवस राग धरून बसत नाही हो. हा माणूस हिंडला, चाचपणी केली, सोयरिकी केल्या, एका ठिकाणी किल्ला घालून फसला पण.

आणि निघाला ती तिथी बघा. ख्यातीप्रमाणे संवत १५२२ आश्विन शुद्ध दशमी. कळलं का काही?

वाळूत_पाय :
@शंकासूर, दसरा!!! हे त्या आजोबांनी सांगितलंच नाही. म्हणजे अगदी शब्दशः सीमोल्लंघन.

शंकासूर :
तेच तर. दसऱ्याला मोहिमेवर निघायची चाल आपल्याकडेही होती आणि राजपुतांतही. भांडून तडकाफडकी निघालेला माणूस पंचांग बघून, सहाशे माणसं आणि शिधा गोळा करून निघतो का?

खान्देशी_ठेचा :
मला एक वेगळंच कुतूहल आहे. बिकानेर मधलं नेर कुठलं? मी अमळनेरचा. शेजारी जामनेर, तिकडं पिंपळनेर, खाली पारनेर, संगमनेर, यवतमाळकडं तर नुसतं नेरच आहे. आमचे मराठीचे सर सांगायचे नगर-नयर-नेर असं झिजत झिजत आलंय. मग बिकानेर म्हणजे बिकाचं नगर, विषय संपला की नाही?

जालन्याची_बाई :
विषय असा संपत नाही ओ भाऊ :)

आमचं घराणं मूळचं बिकानेरकडचं, जालन्यात आता पाचवी पिढी. घरात मारवाडी, बाहेर मराठी, भांडायला हिंदी. आमच्या दादीसा सांगायच्या की जिथं शहर वसायचं होतं ती जमीन नेरा नावाच्या जाटाची. तो म्हणाला जागा घ्या पण माझं नाव लावा. म्हणून बिका अधिक नेरा, बिकानेर. तिकडं कुणालाही विचारा, हेच सांगतील.

आणि स्थापनेचा दोहा तर आम्हाला पाढ्यासारखा पाठ करून घेतला होता :

पनरै सौ पैंताळवै, सुद बैसाख सुमेर
थावर बीज थरपियो, बीको बीकानेर

म्हणजे संवत पंधराशे पंचेचाळीस, वैशाख शुद्ध द्वितीया, शनिवार. थावर म्हणजे शनिवार, बीज म्हणजे दुसरी तिथी, आपली भाऊबीज तशी. १५४५ मधून ५७ वजा करा, १४८८ येतं. दुसऱ्या दिवशी आखातीज. तिकडं आखाबीज आणि आखातीज दोन्ही दिवस शहराचा वाढदिवस, सगळं गाव गच्चीवर, पतंग. आपण संक्रांतीला उडवतो ना, ते तिथं भर वैशाखात. घरी खिचडा करतात आणि सोबत इमलाणी, म्हणजे चिंचेचं गोड पाणी, उन्हासाठी. आम्ही जालन्यात अजून करतो, पतंग सोडून.

खान्देशी_ठेचा :
अरे आखातीज म्हणजे आमची आखाजी!! गौराई, झोके, सांजोऱ्या. सासुरवाशिणी माहेरी येतात तो सण. मस्त वाटलं वाचून.

पण ताई, नेराचं अजून पटलं नाही. राजस्थानात भटनेर आहे, सांगानेर आहे, जोबनेर आहे, बिकानेरच्याच बाजूला गजनेर आहे. प्रत्येक ठिकाणी एकेक नेरा जाट उभा होता का हातात सातबारा घेऊन?

सुपारीफोड्या :
हो. आणि अमळनेरला अमळ नावाचा मित्र घेऊन.

जालन्याची_बाई :
@खान्देशी_ठेचा, हसू नका. व्याकरण तुमचं बरोबर असेल. पण ही गोष्ट का टिकली त्याचा विचार करा की. राजाच्या नावाच्या शहरात जाट लोक पाचशे वर्षं सांगतायत की अर्धं नाव आमचं आहे. त्याला काहीतरी कारण असेल.

मोटकरी :
मूळ प्रश्नाकडे येतो. पाणी.

मी विहिरींच्या कामात आयुष्य घालवलं (बोअरवेलच्या आधीच्या जमान्यात, आता गुडघे गेलेत, धागे वाचतो). पंधरा-वीस वर्षांपूर्वी बिकानेरला गेलो होतो तेव्हा किल्ले-हवेल्या बाजूला ठेवून विहिरी बघत फिरलो, बरोबरचे वैतागले. तिथल्या जुन्या विहिरी दोनशे-तीनशे फूट आणि त्याहून खोल. आपल्याकडे चाळीस फुटाला पाणी लागलं नाही तर माणूस देव बदलतो. अलखसागर, चौतीना अशा नावांच्या विहिरी आहेत, चौतीना म्हणजे एकाच वेळी चार मोटा चालतील अशी. बैल नाहीतर उंट जुंपायचा आणि तो उतरणीवरून चालत चालत इतका लांब जायचा की मोट वर येईस्तोवर तुम्ही एक विडी ओढून व्हावी. मोट वर आली हे उंट हाकणाऱ्याला दिसायचं नाही, विहिरीवरचा माणूस ओरडून सांगायचा. अर्थात या विहिरी बिकाच्या काळातल्या नव्हेत, बऱ्याच नंतरच्या आहेत. पण तंत्र तेच.

आता जागेबद्दल. लोकांना वाटतं वाळवंट म्हणजे सगळी वाळूच वाळू. बिकानेरचं जुनं शहर वाळूच्या टेकाडावर नाहीये. जागेचं जुनं नाव राती घाटी, राती म्हणजे लाल. खाली चुनखडीचे खडे मिसळलेली घट्ट जमीन, थोडी उंचावर. तिथं पाया टिकतो, पावसाचं पाणी झिरपून जात नाही, वाहून खोलगटात साचतं, तळी करता येतात. हर्षोलाव, संसोलाव अशी तळी आहेत ती त्यातलीच. पाऊस कमी पण जो पडतो तो अडवता येतो. घरोघरी कुंड, छतावरचं पाणी त्यात. म्हणजे वहिनींना सांगा, पाणी खालून पण प्यायचे आणि वरून पण, फक्त आंघोळ नव्हती.

वाळूत_पाय :
@मोटकरी काका, दंडवत. हिला वाचून दाखवलं. म्हणाली आंघोळीचं सांगायची गरज नव्हती.

अर्धवटराव :
पाण्याचं राहू द्या, तिथं पाया तुपाचा घातलाय. भांडासर जैन मंदिर. ४०००० किलो तूप.

शंकासूर :
आला तूपवाला.

अर्धवटराव :
अरे मी स्वतः गाईडकडून ऐकलंय, कडक उन्हाळ्यात फरशीतून अजून तूप पाझरतं. भांडा शहा नावाचा ओसवाल व्यापारी, तुपाचा धंदा. कारागिराने बघितलं की शेठने तुपात पडलेली माशी काढून तिचं तूप बोटाने बुटाला पुसलं, वाया नाही घालवलं. हा कंजूस काय मंदिर बांधणार म्हणून मुद्दाम म्हणाला, पाया मजबूत व्हायला तूप लागेल. शेठने दुसऱ्या दिवशी गाड्या भरून तूप ओतलं. म्हणाला माशीचं तूप वाया घालवणं वेगळं आणि देवाला देणं वेगळं.

जालन्याची_बाई :
ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक लग्नात खर्चाचा विषय निघाला की सांगतात.

शंकासूर :
तूप सोडा, त्या मंदिरात खरी बातमी वेगळीच आहे. त्याची सुरुवात सांगतात १४६८. शहर १४८८. म्हणजे शहराच्या २० वर्षं आधी तिथं एक पैसेवाला जैन व्यापारी तीन मजली देऊळ बांधायला घेतो. ओसाड माळावर कुणी देऊळ बांधतं का? वर्ष थोडं इकडंतिकडं असेल पण मुद्दा तोच. तिथून व्यापाऱ्यांचा रस्ता जात होता. एकीकडे मुलतान आणि सिंध, दुसरीकडे दिल्ली, खाली गुजरात. तांडे जायचे. बिकाने रस्ता नाही शोधला, रस्त्यावर नाकं टाकलं.

गोदाकाठचा :
एक अवांतर, पण आमच्या गावचं आहे म्हणून सांगतोच.

आम्ही संभाजीनगरचे (जुने औरंगाबाद). आमच्याकडे नवरात्रात कर्णपुऱ्याची यात्रा भरते, तुळजाभवानीचं देऊळ आहे, नऊ दिवस पाय ठेवायला जागा नसते, पाळणे, भेळ, हरवलेली पोरं, लाऊडस्पीकरवर त्यांची नावं. हा कर्णपुरा म्हणजे महाभारतातला कर्ण नव्हे बरंका, लहानपणी मला तसंच वाटायचं. बिकानेरचा राजा करणसिंह. औरंगजेबाच्या वेळी दख्खनेत नेमणुकीवर होता, इथंच राहिला आणि १६६९ मध्ये इथंच वारला. पदमपुरा त्याच्या मुलाच्या नावाने, पदमसिंह. केसरसिंगपुरा दुसऱ्या मुलाच्या, केसरीसिंह. मी शाळेत रोज पदमपुऱ्यावरून जायचो आणि पन्नाशी येईस्तोवर माहीत नव्हतं की हे बिकानेर आहे.

जालन्याची_बाई :
काय सांगता! आम्ही दर नवरात्रात येतो कर्णपुऱ्याला. सासूबाई म्हणायच्या "आपल्या राजाची देवी" आणि मला वाटायचं म्हाताऱ्या माणसाचं काहीतरी.

गोदाकाठचा :
अजून ऐका. करणसिंहाचा थोरला मुलगा अनूपसिंह, त्याचंही आयुष्य दख्खनेतच गेलं, वारला तो आदोनीला, १६९८. लढाईच्या धामधुमीत या माणसाने इकडच्या पोथ्या आणि धातूच्या मूर्ती गोळा करून उंटांवरून बिकानेरला पाठवल्या. मूर्ती बिकानेरच्याच जुनागड किल्ल्यात (गुजरातचं जुनागड नव्हे) तेहतीस कोटी देवतांच्या मंदिरात ठेवल्या. पोथ्यांचं अनूप संस्कृत ग्रंथालय झालं. आता वाचवल्या म्हणायचं की नेल्या म्हणायचं ते ज्याने त्याने ठरवावं, पण तिकडं गेल्या म्हणून टिकल्या हे मात्र खरं, कोरडी हवा, कसर लागत नाही.

नालवाला :
बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मी हवाई दलात होतो, बिकानेरजवळ नालला पोस्टिंग. त्यामुळे थोडं आँखों देखा.

पहिलं म्हणजे धाग्यात अजून कुणी चूक केलेली नाही पण करणार हे माहीत आहे म्हणून आधीच सांगतो, जुनागड किल्ला बिकाने बांधलेला नाही. तो त्याच्या वंशातल्या राजा रायसिंहाचा, बिकानंतर शंभर वर्षांनी, १५८९ ते १५९४. रायसिंह अकबराचा मोठा सरदार, हाही शेवटी आपल्याच बाजूला बुऱ्हाणपुरात वारला १६१२ ला. बिकाचा किल्ला अगदी लहान, गावाच्या दुसऱ्या टोकाला लक्ष्मीनाथाच्या देवळाजवळ, त्याला बिकाजीची टेकरी म्हणतात. तिथं गेलात तर निराशा होते, आणि व्हायला पाहिजे, कारण तेव्हाच कळतं की सुरुवात किती चिमुकली होती.

दुसरं, आंधी. मे महिन्यात दुपारी तीनला पिवळी अंधारी यायची. खिडकीच्या फटीत ओले टॉवेल कोंबायचे, तरी जेवताना दाताखाली कचकच. घरून आईचं पत्र यायचं, तब्येतीची काळजी घे, पावसात भिजू नको. पावसात!

तिसरं, कोडमदेसर. बिकाने आधी तिथं बस्तान बसवलं होतं. जोधपूरजवळच्या मंडोरहून भैरवाची मूर्ती बरोबर घेऊन आला होता ती तिथं बसवली. अजून आहे. देवळाला छप्पर नाही, भैरव उघड्यावर, शेजारी तळं. आमच्यातले लोक रविवारी जायचे. किल्ला तिथं का नाही झाला हे तेव्हा विचारलं नाही, शंकासूर सांगतील.

शंकासूर :
सांगतो की. भाटी राजपूत. कोडमदेसर पश्चिमेला, म्हणजे जैसलमेर आणि पूगळच्या भाटींच्या तोंडाशी. किल्ला उठायला लागला तसे ते चालून आले. गंमत म्हणजे पूगळच्या राव शेखाची मुलगी रंगकुंवर ही बिकाची बायको. तरी भाटींनी किल्ला होऊ दिला नाही. जावई आहे, जेवायला ये, पण अंगणात भिंत घालू नको. मग हा मागे सरकला, पूर्वेला, राती घाटीला. १४८५ मध्ये तिथं किल्ल्याचा पाया घातला आणि तीन वर्षांनी शहर.

म्हणजे @वाळूत_पाय, "नेमकं तिथंच का" याचं एक उत्तर : कारण पहिल्या पसंतीच्या जागी सासुरवाडीने राहू दिलं नाही.

सुपारीफोड्या :
बाप टोमणे मारतो, सासरा जागा देत नाही. हा माणूस वाळवंटात नाही तर कुठं जाणार.

तिखटमीठ :
सगळं वाचलं. मजा येतेय. पण एक गोष्ट खटकतेय, सगळे "ओसाड", "रिकामं" असं लिहिताय. ओसाड नव्हतं. या भागाला जांगलदेश म्हणायचे. जाटांची वेगवेगळी कुळं होती, गोदारा, सारण, पूनिया, बेनीवाल, प्रत्येकाची आपापली गावं आणि प्रमुख. शिवाय सांखला, जोहिया, मोहिल, भाटी ही घराणी होती. बिकाने शहर "वसवलं" म्हणजे असलेल्या लोकांच्या डोक्यावर बसला. आपण चष्मा राजाचाच का लावायचा?

जालन्याची_बाई :
बसला हे मान्य, पण तलवारीनेच बसला असं नाही. पांडू गोदाराची गोष्ट माहीत आहे ना? शेखसरचा गोदारा प्रमुख. सारणांच्या पूला नावाच्या प्रमुखाची बायको मलकी, तिच्यावरून दोन कुळांत बिनसलं, सारण बाकीच्यांना घेऊन गोदारांवर उठले, तेव्हा पांडू बिकाकडे गेला. मदत कर, आम्ही तुला मानतो. त्या बदल्यात बिकाने काय दिलं? बिकानेरच्या गादीवर जो बसेल त्याला पहिला टिळा पांडूच्या वंशातला माणूस लावणार. आणि पुढे शेकडो वर्षं लावत आले.

तिखटमीठ :
टिळा लावायचा मान तुम्हाला आणि सारा वसूल करायचा हक्क आम्हाला. छान वाटणी आहे :)

जालन्याची_बाई :
हो आहेच तशी. मी कुठं नाही म्हणते. पण नेराचं नाव आणि पांडूचा टिळा, दोन्ही एकाच जातीच्या गोष्टी आहेत हे बघा. राजाला त्यांच्याशिवाय भागत नव्हतं हे त्यात कबूल केलेलं आहे. भांडण गोदारा-सारणांचं नसतं तर बिका आपल्या सहाशे माणसांनिशी कुठल्या तरी तांड्याला लुटून परत जोधपूरला गेला असता.

आणि करणीमाता राहिलीच. देशनोकची, उंदरांचं देऊळ म्हणून सगळे व्हिडिओ टाकतात ती. ती देवी नंतर झाली, आधी हयात असलेली चारण बाई. चारण म्हणजे राजपूत ज्यांचा शब्द मोडत नाहीत असे लोक. जोधपूरच्या किल्ल्याचा पाया तिच्या हातचा असं सांगतात आणि बिकानेरच्या किल्ल्याचाही. बिका आधी तिच्याकडेच गेला. पूगळच्या मुलीशी लग्न तिनेच जुळवलं म्हणतात. तिच्या देवळाभोवतीच्या ओरणात, म्हणजे देवराईत, बोरीची झाडं आहेत, अजूनही कुणी फांदी तोडत नाही.

तिखटमीठ :
हे पटलं. म्हणजे शहर बिकाने एकट्याने नाही वसवलं, मध्यस्थी करणारी बाई, जमीन देणारा शेतकरी, रस्त्यावरचा व्यापारी. मग नाव एकाचंच का, हा माझा प्रश्न मात्र उरतो.

खान्देशी_ठेचा :
एकाचं कुठं, नेराचं पण आहे की. (मी बदललो. व्याकरण गेलं उडत.)

अर्धवटराव :
भुजियाबद्दल कुणीच बोलत नाहीये? बिकानेर आणि भुजिया नाही?

नालवाला :
भुजिया खूप नंतरचा, १८७७ च्या आसपास, डूंगरसिंह महाराजांच्या काळातला सांगतात. आता भौगोलिक मानांकन पण आहे त्याला, २०१० पासून. पण तो तिथलाच का, याचं उत्तर जमिनीत आहे. भुजिया नुसत्या बेसनाचा नसतो, त्यात मोठाचं पीठ लागतं. मोठ म्हणजे आपली मटकी. कमी पाण्यात, वाळूत जे येतं ते हेच. बाजरी, मोठ, गवार.

सुपारीफोड्या :
म्हणजे तेच कडधान्य आपण भिजवून मिसळ केली आणि त्यांनी दळून वर टाकायची शेव केली. राष्ट्रीय एकात्मता.

मोटकरी :
अवांतरात अवांतर. बिकानेरजवळ पलाणाला १८९६ मध्ये विहीर खणत होते. पाणी शोधताना लागला कोळसा. लिग्नाइट. तहानलेल्याला कोळसा लागला की काय वाटत असेल कल्पना करा. पुढे खाण झाली.

टेकडीवरून :
मी बरेच दिवस नुसता वाचक आहे, पण शंकासूर यांचा मुद्दा अर्धाच राहिलाय म्हणून लिहितो. टोमणा हे कारण नसेल तर खरं कारण काय? मला वाटतं वाटणी.

राव जोधाला डझनावारी मुलं होती. गादी एक. सगळे जोधपुरात राहिले असते तर काय झालं असतं ते सांगायला नको. त्यामुळे कर्तबगार मुलाला, बरोबर तितकाच कर्तबगार आणि तितकाच धोकादायक भाऊ देऊन, लांब पाठवणं हे बापाच्या सोयीचंच होतं. नुसता बिका नाही, दुसरा मुलगा बिदा, त्याला छापर-द्रोणपूरचा मोहिलांचा मुलूख मिळाला, तोही त्याच बाजूला. म्हणजे हे घराण्याचं धोरण दिसतं.

आणि याचा पुरावा शेवटाला आहे. कांधल काका हिसारच्या सुभेदाराशी, सारंगखानाशी लढताना पडला. बाप-लेक दोघं मिळून सूड घ्यायला गेले. घेतला. परत येताना जोधाने बिकाला सांगितलं, तू आता जोधपूरच्या गादीवर हक्क सांगू नकोस. बिका म्हणाला ठीक, पण घराण्याच्या पूजेच्या आणि मानाच्या वस्तू मला द्या. जोधा हो म्हणाला आणि न देताच वारला. मग गादीवर जोधाचा दुसरा मुलगा सातल आला, तोही गेला, त्याचा भाऊ सूजा आला, वस्तू काही मिळेनात. शेवटी बिका फौज घेऊन जोधपूरवर चालून गेला! वेढा पडला, सूजाची आई मध्ये पडली, आणि मग वस्तू घेऊनच हा परत आला. छत्र, चंदनाचं सिंहासन, तलवार, आणि नागणेचीची मूर्ती, राठोडांची कुलदेवी. ती अजून बिकानेरला आहे, तिचं वेगळं देऊळ आहे.

टोमण्याने दुखावलेला मुलगा असता तर बापाच्या देव्हाऱ्यासाठी इतकी वर्षं थांबला नसता. त्याला हिस्सा हवा होता. मुलूख मी स्वतः मिळवला, पण देव आणि छत्र हे बापाचं, त्यात माझाही वाटा. आपल्याकडे शेताची वाटणी होते आणि टाकावर भांडण अडतं ना, तसं.

शंकासूर :
हे माझ्यापेक्षा चांगलं मांडलंत. मान्य. आणि सगळ्यात नवल हे की आख्ख्या गोष्टीत काका-पुतण्या शेवटपर्यंत एका बाजूला. आपल्या इतिहासात काका म्हटलं की पुढचे शब्द काय ते सांगायला नकोत.

सुपारीफोड्या :
कांधल : "पुतण्या, चल मला घेऊन."

नालवाला :
@टेकडीवरून, नागणेचीच्या देवळात गेलोय. माहीत नव्हतं की युद्ध करून आणलेली आहे. आपण देवळात जातो, घंटा वाजवतो, येतो.

बिका वारला १५०४ ला. पुढे त्याचं सगळं विस्कटायची वेळ दोनदा आली. १५३४ मध्ये बाबराचा मुलगा कामरान चालून आला, किल्ला घेतला, बिकाचा नातू राव जैतसी याने रात्री छापा घालून पळवला. पण १५४२ च्या सुमारास जोधपूरचाच मालदेव आला, जैतसी पडला आणि बिकानेर दोनेक वर्षं भाऊबंदांच्याच घशात. शेरशहाच्या मदतीने जैतसीचा मुलगा कल्याणमल याने परत मिळवलं. म्हणजे वाटणी तेव्हाही पुरती मिटली नव्हती.

तिखटमीठ :
म्हणजे वाळवंट परवडलं पण भाऊबंद नको.

वाळूत_पाय :
मंडळी, मी एक साधा प्रश्न विचारला होता आणि तुम्ही मला दहा उत्तरं दिलीत. घट्ट जमीन, तांड्यांचा रस्ता, सासुरवाडीचा नकार, जाटांचं भांडण, बापाची वाटणी. हिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, यातलं एकही नसतं तर तो अजून हिंडतच असता. मग म्हणाली, आखातीजेला परत जाऊ, पतंग बघायला आणि ती टेकरी राहिलीये.

मी पाट्यावरच्या आजोबांना दसऱ्याचं विचारणार आहे.

जालन्याची_बाई :
जरूर जा. पण एप्रिलच्या शेवटी नाहीतर मेमध्ये येते आखातीज, गच्ची इतकी तापते की पाय ठेववत नाही. सुती मोजे न्या. इमलाणी भरपूर प्या. आणि पाट्यावर गेलात की आधी चहाचं विचारतील, नाही म्हणू नका, नाही म्हटलं तर पुढचं काही सांगत नाहीत.

नालवाला :
आणि दुपारी तीनच्या आधी हॉटेलवर परत या. खिडक्या लावून.

खान्देशी_ठेचा :
फोटो?

वाळूत_पाय :
सवडीने.